दप्तर आणि कारकुनाची संमती : पुण्याच्या हुजूर दप्तरापासून दिल्लीच्या अभिलेखागारापर्यंत

मराठ्यांच्या कागदपत्रांची कहाणी मराठी इतिहासलेखनात बहुधा शोककथेच्या रूपाने सांगितली जाते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे वळण अधिकच पक्के झाले. वाळवी, ओल, आग, वाण्याची पुडी आणि घरातल्या कागदांची किंमत न जाणणारे वारस ही या शोककथेतील ठरलेली पात्रे होत. सरकारी दप्तराचा प्रसंग आला की त्यांत कारकुनाची भर पडते. तो एकतर आळशी असतो, नाहीतर लाचखाऊ, आणि दोन्ही नसला तर निदान अरसिक तरी असतोच. कागद टिकले ते एखाद्या नाना फडणीसामुळे किंवा एखाद्या साक्षेपी साहेबामुळे, आणि गेले ते कारकुनामुळे, अशी ही विभागणी आहे.

या विभागणीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. आज आलेला कागद आजच जागच्या जागी लावण्याचे काम रोज, वर्षानुवर्षे, कोणी करावयाचे आणि त्याने ते का करावे? दप्तराची नवी व्यवस्था लावण्याचे हुकूम इतिहासात विपुल सापडतात. ते हुकूम फडावर बसणाऱ्या माणसांनी मनापासून स्वीकारले की नाही, आणि स्वीकारले तर कशाच्या बदल्यात, याची चर्चा मात्र विरळ आहे. पुण्याचे हुजूर दप्तर, कलकत्त्याचे इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार या तीन संस्था या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्यांना जोडणारा एक मनुष्यही आहे.

सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली इतिहासकार. त्यांनी मराठी आत्मसात केली, १९२० साली सभासदाच्या बखरीचे इंग्रजी भाषांतर 'शिव छत्रपती' या नावाने प्रसिद्ध केले आणि १९२३ साली मराठ्यांच्या राज्यकारभारपद्धतीवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून निवडलेले उतारे आणि कंपनी सरकारच्या पहिल्या अधिकाऱ्यांचे अहवाल यांवर त्यांची मुख्य भिस्त होती. हेच सेन १९३९ साली इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंटचे प्रमुख झाले आणि ते खाते राष्ट्रीय अभिलेखागार झाल्यानंतरही १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. पेशव्यांच्या कचेरीची घडण पुस्तकात मांडणाऱ्या अभ्यासकावर पुढे सोळा वर्षांनी अखिल भारताच्या सरकारी कागदांची घडी बसविण्याची वेळ यावी, हा योगायोग असेल. पण तुलनेला तो फार सोयीचा आहे.

सेनांनी रेखाटलेले हुजूर दप्तर दोनशेहून अधिक कारकुनांचे होते. त्याचे दोन मोठे भाग. 'चालते दप्तर' हे फडणिसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चाले. फड, बेहडा, सरंजाम अशी त्याची अंगे असत. सनदा आणि हुकूम फडावरून निघत, प्रांतांच्या अजमासांवरून बेहडे तयार होत, आणि सरंजामात लष्करी नेमणुकांचा हिशेब राही. 'एक बेरीज' हे दुसरे दप्तर पुण्यातच असे. सर्व खात्यांचे हिशेब तेथे जाऊन पडत आणि त्यांची वर्गवारी होई. राज्याची एकूण जमा, खर्च आणि शिल्लक दाखविणारा तर्जुमा आणि खर्चाच्या बाबी मथळ्यांखाली लावलेली खतावणी ही या दप्तराची वर्षाची कामगिरी. बाळाजी बाजीरावाच्या काळात उभे राहिलेले हे दप्तर थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत नाना फडणिसांनी सुधारले, असे १८१८ नंतर ते प्रथम हाताळणाऱ्या कॅप्टन मॅक्लिऑडने नमूद केले आहे.

चालू कामाचा कागद आणि काम संपलेला कागद यांत भेद करणे, दुसऱ्या प्रकारच्या कागदासाठी वेगळी जागा आणि वेगळी माणसे नेमणे, ही कल्पना आधुनिक अभिलेखशास्त्रात विसाव्या शतकाच्या मध्याला येऊन रुजली. कागदालाही जन्मापासून अंतापर्यंतचा आयुष्यक्रम असतो हा विचार अमेरिकेत फिलिप ब्रूक्स यांनी मांडला तो १९४० च्या सुमारास. पुण्याने तो दीडशे वर्षे आधी अमलात आणला होता, असे म्हणून मिशीवर ताव देण्याचा मोह मराठी वाचकाला होईल. तो आवरलेला बरा. एक बेरीज दप्तर भावी इतिहासकारासाठी ठेवलेले नव्हते. तर्जुमा आणि खतावणी यांची गरज राज्याला दरसाल होती, आणि मागचे कागद नीट लागलेले नसतील तर चालू वर्षाचा हिशेबच उभा राहात नसे. जुन्या कागदाची व्यवस्था ही नव्या कागदाच्या कामाची पूर्वअट होती. म्हणूनच ती टिकली.

यात कारकुनाचे हित कोठे होते? पहिले उत्तर दरकांच्या रचनेत मिळते. प्रांताच्या कारभारात दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस हे दरकदार मामलेदाराच्या मर्जीने नेमले जात नसत आणि त्याच्या मर्जीने निघतही नसत. कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येकाने त्यावर आपापली खूण करावी अशी रीत होती. मराठी सनदांच्या पायथ्याशी आणि पाठीवर दिसणारे रुजू, बार, मोर्तब हे शब्द त्या फिरतीचे साक्षीदार आहेत. खूण करणे हा दरकदाराचा हक्क होता आणि तो बुडाला तर वतन डळमळे. कागद नीट नोंदला जावा यासाठी वरून पहारा ठेवण्याची गरज त्यामुळे कमी भासे. शेजारी बसलेला दरकदारच पहारा ठेवी.

दुसरे उत्तर शिक्षणाच्या रीतीत आहे. फडावर येणारा मुलगा बहुधा कोणाचा तरी मुलगा, पुतण्या किंवा भाचा असे. तो बोरू धरावयास, मोडी वळवावयास, हिशेब उकलावयास आणि रुमाल बांधावयास तेथेच शिके. दप्तराचे ज्ञान कारकुनाच्या डोक्यात असले तरी त्या डोक्याचा वारस दोन हातांवर बसलेला असे. हर हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ साली अभिलेखव्यवस्थेवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात कचेरीसाठी एक सुवर्णनियम सांगितला. त्याचा आशय असा की अधिकाऱ्याने कागद अशा रीतीने ठेवावेत की तो आणि त्याची सारी माणसे उद्या नाहीशी झाली तरी काहीही ठाऊक नसलेल्या उत्तराधिकाऱ्याला केवळ त्या कागदांवरून काम पुढे चालविता यावे. नियम निर्दोष आहे. पण कारकुनाच्या जागेवरून वाचला तर त्याचा अर्थ काय होतो? तुझ्यावाचून चालेल अशी व्यवस्था तूच, तुझ्या हाताने, करून ठेव. ज्याची किंमत मागचा कागद क्षणात काढून देण्यावरच ठरते, त्याला हा नियम गोड लागण्याचे कारण नाही. वंशपरंपरेच्या दप्तरात हा पेच तीव्र होत नसे, कारण उत्तराधिकारी घरचाच असे. पगारी, बदलीच्या आणि बढतीच्या नोकरशाहीत तो तीव्र झाला आणि आजही सुटलेला नाही. दप्तरसुधारणेच्या बहुतेक योजना अडतात त्या येथे, मग त्यांच्या अहवालांत कारण म्हणून जागेचा अभाव लिहिलेले असो की निधीचा.

कारकुनांचे स्वतःचे वाङ्मयही या ठिकाणी साक्षीस बोलावता येते. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेली मेस्तके, म्हणजे कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, कोणत्या कागदाचा घाट कसा असावा, हे सांगणारी टिपणे, ही लेखकवर्गाने लेखकवर्गासाठी रचलेली आहेत. फारसीतील इन्शा ग्रंथांची आणि शाहजहानच्या दरबारातील मुन्शी चंद्रभान ब्राह्मण याच्या लेखनाची आठवण येथे होते. आंध्र-तमिळ प्रदेशातील करणमांच्या लेखनसंस्कृतीवर वेल्चेरू नारायणराव, डेव्हिड शुलमन आणि संजय सुब्रह्मण्यम यांनी २००१ साली जे लिहिले, तेही येथे जुळते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. शाई, कागद, अक्षराचे वळण, पोथीची जपणूक यांची त्यात येणारी चर्चा बारकाव्याची आहे, आणि तिच्यामागे लिहिणाऱ्याच्या अभिमानाला घातलेली साद आहे. या सर्व रचनांत नियमाचा अधिकार वरून येत नाही. जो उत्तम लिहितो त्याचा तो अधिकार आहे. मोडी आणि ती लिहिणारा कारकून यांच्यातील हे नाते प्राची देशपांडे यांनी २०२३ च्या 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' या ग्रंथात तपशिलाने उलगडले आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणून 'राज्यव्यवहारकोशा'कडे पाहता येते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचल्या गेलेल्या या कोशात तेराशेंहून अधिक फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत आणि त्यात एक स्वतंत्र लेखनवर्ग आहे. म्हणजे दप्तराची परिभाषा बदलण्याचा हा हेतुपुरस्सर प्रयत्न होता. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, मंत्र्यांची पदनामे बदललीही. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. दरबारात कोश यशस्वी झाला. फडावर मात्र दफ्तर दफ्तरच राहिले, फडणीस फडणीसच राहिला, आणि रुमाल, ताळेबंद, रोजकीर्द, जमाखर्च यांना हात लागला नाही. खुद्द 'पेशवा' हे नावही मुख्यप्रधानाला हटवून परत आले. फारसी शब्दांचे प्रमाण मराठी पत्रांत पुढे घटत गेले हे राजवाड्यांनी दाखविले आहे; परंतु घटले ते निवेदनाच्या भाषेतले. हत्यारांची नावे घटली नाहीत. बोरू ज्याच्या हातात असतो त्याला विचारल्यावाचून बोरूचे नाव बदलता येत नाही, आणि 'राज्यव्यवहारकोशा'च्या अभ्यासकांनी भाषाशुद्धीच्या अंगाने जेवढा विचार केला तेवढा या अंगाने केलेला दिसत नाही. गमतीची गोष्ट अशी की 'दफ्तर' हा शब्दसुद्धा फारसीचा मूळचा नव्हे. कातड्याला म्हणणाऱ्या ग्रीक शब्दापासून तो तेथे आला.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हुजूर दप्तर ढासळले. मॅक्लिऑडच्या सांगण्याप्रमाणे दप्तराकडे दुर्लक्ष तर झालेच, शिवाय लोकांना कागद खुशाल बाहेर नेऊ देण्यात आले. या घटनेचे खापरही पुष्कळदा कारकुनांवर फुटते. वस्तुतः ज्या सरकारला दरसालच्या तर्जुम्याची निकड उरली नव्हती आणि मामलती मक्त्याने देऊन ज्याचे भागत होते, त्या सरकारच्या एक बेरजेला काम उरलेच कोठे होते? रुजू करणाऱ्याला रुजू करण्यासाठी काही आले पाहिजे.

१८१८ नंतर या दप्तराला नवा मालक मिळाला. जुन्या कारकुनांवाचून त्याला एकही रुमाल उलगडता येत नव्हता. मोडी आणि हिशेबाची परिभाषा ही त्यांची मिरास कंपनीला विकत घेता आली, हिसकावून घेता आली नाही. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला कायदेशीर बळ मिळाले, आणि दप्तर हे इनामदारांचे हक्क तपासण्याचे साधन बनले. त्याच वर्षी गोपाळ हरी देशमुख, म्हणजे 'शतपत्रां'चे लोकहितवादी, असिस्टंट इनाम कमिशनर झाले. मराठी गद्याचा एक शिल्पकार कागदांच्या या राजकारणाच्या केंद्राशी बसलेला होता, ही गोष्ट त्यांच्या लेखनाच्या चर्चेत पुरेशी येत नाही. त्या काळच्या दप्तराचे चित्र विचित्र आहे. कागद कधी नव्हे इतक्या काटेकोरपणे लावले जात होते आणि ज्यांचे ते कागद होते ते लोक दप्तराला कधी नव्हे इतके भीत होते. पुणेकरांच्या मनात एलिएनेशन ऑफिसविषयी जी अढी बसली ती येथली. सरकारलाही उलट भय होते. कागद उघडे केले तर नवे दावे उभे राहतील. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले तेव्हा ही कोंडी फुटली. त्या कामातही खरा भार मोडी वाचणाऱ्या साहाय्यकांवर होता.

हिंदुस्थान सरकारच्या कागदांची कथा याच सुमारास वेगळ्या दिशेने चालली होती. तिचा आरंभ इतिहासप्रेमातून झाला नाही, गर्दीतून झाला. १८६० साली सँडमन या सिव्हिल ऑडिटरने असे सुचविले की कचेऱ्यांत कागदांची दाटी झाली आहे, तेव्हा नित्याचे निरुपयोगी कागद नष्ट करावेत आणि मौल्यवान ते एका भव्य मध्यवर्ती अभिलेखागारात न्यावेत. ही सूचना प्रत्यक्षात येण्यास तीस वर्षे लागली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक जॉर्ज फॉरेस्ट यांच्याकडे १८८९ साली परराष्ट्र खात्याचे कागद तपासण्याचे काम आले. मुंबई सचिवालयातील मराठ्यांविषयीच्या कागदांची निवड त्यांनी १८८५ साली प्रसिद्ध केली होती, म्हणजे येथेही मराठ्यांच्या इतिहासाचा धागा आहेच. कंपनीच्या अमलातील सर्व कागद एका ठिकाणी आणावेत असा आग्रह त्यांनी धरला आणि ११ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यास इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट स्थापन झाले.

फॉरेस्ट यांच्यावर सोपविलेली कामे वाचली तर खात्यांच्या मनात काय आले असेल हे ताडता येते. सर्व खात्यांचे कागद तपासणे, हलविणे, लावणे, त्यांची सूची करणे; आणि खात्याखात्यांतल्या लहान ग्रंथालयांच्या जागी एक मध्यवर्ती ग्रंथालय उभारणे. यातली प्रत्येक गोष्ट खात्याकडून काहीतरी घेते. सचिवालयातील कारकुनाचे बळ त्या काळी पूर्वपीठिका काढण्यात होते. टिप्पणी वर चढताना आधीचे प्रकरण कोणते, त्यात काय ठरले, हे ज्याला ठाऊक तो साहेबाच्या मताला आकार देई. त्याच सचिवालयाने कागदांची एक वर्गवारी मात्र बिनतक्रार स्वीकारली होती. प्रकरणांची अ, ब आणि डिपॉझिट अशी विभागणी, अ वर्गातील कार्यवाहीचे मुद्रण, टिप्पण्यांचे के. डब्ल्यू. आणि वार्षिक छापील अनुक्रमणिका. राष्ट्रीय अभिलेखागारात बसणारा संशोधक आजही याच अनुक्रमणिका चाळतो. ही व्यवस्था रुजली कारण ती कारकुनाच्या मेजावरची होती. मागचे प्रकरण शोधताना त्याचाच वेळ ती वाचवी. फॉरेस्ट यांची योजना मेजावरून कागद उचलणारी होती आणि बदल्यात देण्यासारखे तिच्यापाशी त्या कारकुनापुरते काही नव्हते. विद्वानांसाठी होते, साम्राज्याच्या कीर्तीसाठी होते.

भूगोलानेही पुढे हात दिला नाही. १९११ साली राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. खाती दिल्ली-सिमल्यात आणि त्यांचे जुने कागद कलकत्त्यात, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. अभिलेखागाराची दिल्लीतील इमारत १९२६ साली उभी राहिली, पण कागदांचे स्थलांतर पुरे व्हावयास १९३७ साल उजाडले. ज्या कारकुनाला जुना कागद पाहण्यासाठी तो रेल्वेने मागवावा लागतो, तो पुढच्या खेपेस कागद पाठविण्याची घाई करीत नाही. सवय एकदा लागली की इमारत रस्त्यापलीकडे आली तरी सुटत नाही.

सेन १९३९ साली आले ते या पार्श्वभूमीवर. त्यांच्या कारकिर्दीत कागद संशोधकांना खुले झाले, जतनाचे शास्त्रीय काम सुरू झाले, १९४१ पासून अभिलेखविषयक शिक्षणाची सोय झाली आणि १९४७ साली 'द इंडियन आर्काइव्ह्ज' हे नियतकालिक निघाले. यांतील प्रशिक्षणाची योजना सर्वांत दूरदृष्टीची म्हणावी लागेल. हुजूर दप्तराचे बळ फडावर वाढलेल्या माणसांत होते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मात्र हे शिक्षण मुख्यतः कागद सांभाळणाऱ्यांना मिळाले. कागद निर्माण करणारा, मंत्रालयातल्या शाखेत बसलेला लिपिक, त्याच्या कक्षेबाहेर राहिला. चालते दप्तर आणि एक बेरीज यांचा एकमेकांवर जो रोजचा ताण होता तो दिल्लीत निर्माण झाला नाही. शाखा अभिलेखागारावाचून चालत होती.

स्वातंत्र्यानंतर उपाय शोधला गेला तो कायद्यात. डॉ. ताराचंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६० साली अभिलेखविषयक कायद्याची शिफारस केली. १९७२ च्या डिसेंबरात धोरणाचा ठराव झाला. प्रत्यक्ष सार्वजनिक अभिलेख अधिनियम व्हावयास १९९३ साल लागले. तो १ मार्च १९९५ पासून अमलात आला आणि त्याखालचे नियम १९९७ साली निघाले. कायद्याने प्रत्येक अभिलेखनिर्मात्या कार्यालयात एक अभिलेख अधिकारी नेमावयास सांगितले. कागदांची मांडणी, नियतकालिक तपासणी, छाननी, धारणकालाचे परिशिष्ट, वार्षिक सूची, हस्तांतरण, महासंचालकांना वार्षिक अहवाल अशी त्याच्या कर्तव्यांची यादी मोठी आहे. नियमबाह्य नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेची भाषा येथे उलट परिणाम करते हे ध्यानात घेतले पाहिजे. नाश केला तर कारावास आणि काहीच केले नाही तर काहीच नाही, अशा परिस्थितीत सावध मनुष्य फाइल कपाटावर ठेवून देतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने, त्याच्या चौथ्या कलमात, अभिलेख सूचीबद्ध आणि क्रमबद्ध ठेवण्याचे कर्तव्य घातले. त्यामुळे जुन्या कागदाला पेशवाईनंतर प्रथमच दाराशी येणारा गरजू वाचक मिळाला. परंतु त्या वाचकाकडे लिपिक पाहतो तो संकट म्हणून. इनाम कमिशनच्या काळात दप्तराच्या आतले जसे भय उत्पन्न करीत होते, तसे आता बाहेरचे करतात.

कारकुनाची संमती मिळविणे शक्य आहे, याचा दाखला महाराष्ट्रातच एका जिल्हा कचेरीत सापडतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची पुनर्रचना केली. बसण्याच्या जागा बदलल्या, साचलेले कागद वर्गवारीने निकाली निघाले, आणि कोणत्या मेजावर कोणते काम कसे करावयाचे याच्या लेखी मार्गदर्शिका तयार झाल्या. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, ड वर्ग वर्षाचा, ही महसुली वर्गवारी जुनीच होती. नवी होती ती पायऱ्यांची क्रमवारी, आणि ती आखण्यात कर्मचाऱ्यांना दिलेला वाटा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दप्तर लावण्याचे काम आणि चांगल्या जागेत बसून काम करणे या दोन गोष्टी एकाच योजनेचे भाग होत्या. ज्याने गठ्ठे लावले त्यालाच मोकळे मेज मिळाले. राज्य शासनाने पुढे ही पद्धती सर्वत्र लागू करण्याचे ठरविले आणि ती 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रातील कार्यालयांत परिचित असलेल्या सहा गठ्ठ्यांच्या पद्धतीतही हेच सूत्र आहे : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे, नष्ट करावयाचे. सहापैकी चार गठ्ठे लिपिकाच्या आजच्या कामाचे आहेत. शेवटचे दोन त्यांच्या सोबतीने लागतात. चालते दप्तर आणि एक बेरीज एकाच कपाटात आणल्यासारखे हे आहे. मात्र एका अधिकाऱ्याच्या कचेरीत जे सहभागातून घडले तेच परिपत्रकाने इतरत्र पोचले तेव्हा त्याचे आचरण पुष्कळ ठिकाणी तपासणीच्या तारखेपुरते उरले. परिपत्रकाबरोबर सहभाग पाठविता येत नाही.

दिल्लीत डिसेंबर २०२२ मध्ये अभिलेखागाराचे तत्कालीन महासंचालक चंदन सिन्हा यांनी सुशासनविषयक एका कार्यशाळेत जाहीरपणे जे सांगितले त्याने अनेकांना धक्का बसला. केंद्राची मंत्रालये आणि विभाग मिळून १५१; अभिलेखागाराकडे कागद आहेत ते ६४ संस्थांचे, त्यांत मंत्रालये व विभाग ३६. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे कागद अभिलेखागारात नाहीत, हरितक्रांतीचेही नाहीत. संरक्षण मंत्रालयाने स्वातंत्र्यापासून त्या वर्षाच्या आरंभापर्यंत पाठविलेल्या फाइलींची संख्या ४७६ होती. त्या एका वर्षात १९६० पर्यंतच्या सुमारे वीस हजार आल्या. म्हणजे कागद होते. पंचाहत्तर वर्षे ते कोणीतरी सांभाळून ठेवले होते, आणि 'नष्ट झाले' असे मानून शोककथा लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावयास हवी.

२०२१ पासून केंद्र सरकार दर ऑक्टोबरात स्वच्छता आणि प्रलंबित प्रकरणांचा निपटारा यांची विशेष मोहीम चालविते. तिच्या यशाची मोजणी छाटलेल्या फाइली, मोकळी झालेली जागा आणि रद्दीच्या विक्रीतून आलेले पैसे यांनी होते. सँडमनची १८६० ची तक्रारही जागेचीच होती. जागा हे कारकुनाला कळणारे आणि त्याच्या उपयोगी पडणारे बक्षीस आहे, म्हणून मोहिमेला प्रतिसाद मिळतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु जागेसाठी कपाट रिकामे करणाऱ्या हाताला कोणती फाइल अभिलेखागाराची आणि कोणती रद्दीची, हे त्या धांदलीत ठरवावे लागते. सिन्हा यांचे म्हणणेही असे होते की विशेष मोहिमेची वाट न पाहता फाइली नोंदून त्यांची छाननी करण्याचे काम दर तिमाहीला, कारभाराचाच भाग म्हणून व्हावे. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेप्रमाणे काम संपलेली फाइल नोंदून तिला अ, ब किंवा क वर्ग देण्याचे काम शाखेतच, त्या विषयाच्या लिपिकापासून सुरू होते. कागदाचे पुढचे सारे आयुष्य त्या एका अक्षरावर अवलंबून असते. ते अक्षर लिहिणाऱ्या मेजाला त्याच्या मोबदल्यात काय मिळते, याचे उत्तर ना १९९३ च्या कायद्यात आहे, ना १९९७ च्या नियमांत.